सूनबाईवर पाय

मुकादम वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्याच्याविषयी नको नको ते मनात येणार आहे. उभा जन्म त्याने रुळांच्या संगतीत काढला होता. खडी भरली, स्लीपर बदलले, रूळ धरून ठेवणाऱ्या सैल चाव्या ठोकून ठोकून घट्ट केल्या, आणि बरोबरीची माणसं निवृत्तीच्या गप्पा मारू लागली तेव्हा त्याच्या गळ्यात एक नवंच काम येऊन पडलं. दोन रुळांच्या मधे, स्लीपरवर, सोलर पॅनल बसवायचे. ही मधली जागा नाहीतरी वाया जाते, ऊन तर तिच्यावर रोज पडतं, मग त्या उन्हाची वीज का करू नये, असं वरच्या कोणाच्या तरी डोक्यात आलं होतं. मुकादमाने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो पोट धरून हसला. वरून गाडी जाणार आणि खाली काच पसरायची! पण पॅनल बसले, वरून गाडी गेली, काच शाबूत राहिली, आणि भर दुपारी स्टेशनातले पंखे त्या विजेवर गरगरा फिरू लागले. मुकादमाचं हसू बंद झालं. उशिरा पटलेल्या माणसाला एखादी गोष्ट जरा जास्तच पटते, तसं त्याचं झालं.

पॅनलला 'सूनबाई' हे नाव त्याच्या हाताखालच्या टोळीतल्या रेडिओने दिलं. रेडिओ हे अर्थातच त्याचं टोपणनाव. सकाळी हजेरीला त्याचं तोंड सुरू व्हायचं ते संध्याकाळी हत्यारं पेटीत गेली तरी बंद होत नसे. पॅनल गाडीतून उतरवायचा तो हातमोजे घालून, चौघांनी चार कोपरे धरून, कुठे धक्का लागू न देता. ते पाहून रेडिओ म्हणाला, "चला, सूनबाई आली. सांभाळून घ्या रे, नवी आहे. पहिले काही दिवस तरी जपायला हवं." सगळे खो खो हसले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

जपायचं ते मुख्यतः पायांपासून. काच तशी मजबूत होती, माणूस उभा राहिला म्हणून लगेच फुटत नसे. पण खरी मेख तिथेच होती. वरून काही दिसायचं नाही, आतल्या पातळ पापुद्र्यांना मात्र बारीक तडे जायचे, आणि मीटर लावलं की कळायचं, हा पॅनल गेला. सुरुवातीच्या दिवसांत असे बरेच गेले. इंजिनिअर मॅडम एका सकाळी आल्या, त्यांनी मीटर लावलं, आणि सगळ्या टोळीसमोर मुकादमाला विचारलं, "मुकादम, तुमची माणसं काम करतात की काचेवर नाचतात?" त्या रागावून बोलल्या नव्हत्या. त्यांना सवयच होती थोडं टोचून बोलायची. मुकादमाला मात्र ते इतकं झोंबलं, की त्या दिवशी तो डबा न उघडताच घरी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवसापासून नियम आला. काचेवर पाय पडला तर काम थांबवायचं, सगळ्यांना गोळा करायचं, आणि ज्याचा पाय पडला त्याने पॅनलपुढे वाकून मोठ्याने म्हणायचं, "सूनबाई, चुकलं." बस्स, एवढंच. ना शिवी, ना दंड. पण चारचौघांत एका काचेपुढे वाकून माफी मागणं म्हणजे काय, ते ज्याने मागितली त्यालाच विचारावं. रेडिओ पहिल्यांदा वाकला तेव्हा त्याने नाटकी स्वरात हात जोडले आणि सगळ्यांची करमणूक केली. दुसऱ्यांदा त्याला तेवढं हसू आलं नाही. महिन्याभरात टोळीतला एकही पाय काचेवर पडेनासा झाला. मॅडम मीटर लावायच्या आणि मान डोलवायच्या. टोळीवाले मुकादमाला मामा म्हणायचे, आता ते काचमामा म्हणू लागले. त्याला ते आवडायचं, आवडत नाही असं दाखवायचा तो.

या टोळीत त्याची लेक होती. तारा जोडायचं शिक्षण घेऊन आलेली, हाताला चपळ, तोंडाने फटकळ, म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणायचे. घरीही तेच नाव रुळलं होतं. बापाच्या हाताखाली काम करायचं म्हणजे तारेवरची कसरत, हे तिच्या आईने तिला आधीच बजावलं होतं. "तुझे बाबा बाहेर बाबा नसतात," आई म्हणाली होती. ठिणगीने ते हसण्यावारी नेलं.

आणि कामावर आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिचा पाय पडला. तारेचं वेटोळं खांद्यावर होतं, तोल गेला, बूट काचेच्या मधोमध. टोळीचे हात थांबले. आता काचमामा काय करतो, हे सगळ्यांनाच पाहायचं होतं. मुकादमाची पोर म्हणून सोडली असं कोणी म्हणायला नको, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. ठिणगी वाकली आणि पुटपुटली, "सूनबाई, चुकलं."

"ऐकू आलं नाही," मुकादम म्हणाला.

ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने.

"मागच्या माणसाला ऐकू जायला हवं."

तिसऱ्यांदा ती ओरडली. आवाज बाजूच्या दगडी भिंतीवर आपटून परत आला. तिचे कान लाल झाले होते. मग ती सरळ उभी राहिली, हसली आणि म्हणाली, "झालं समाधान, काचमामा?" बाबा नाही म्हणाली. बाकीचे हसले, मुकादमही हसला. घरी गेल्यावर विषय निघाला नाही. तिचा पाय पुन्हा कधी काचेवर पडला नाही, आणि मुकादमाला मनातून वाटलं, पोरगी शहाणी आहे.

आता जागेविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. काम आलं होतं टेकडी कापून काढलेल्या भागात. एकच लाईन. तिच्या एका बाजूला उंच दगडी भिंत, रुळाला इतकी चिकटून, की गाडी आली तर भिंतीकडे माणसाला उभं राहायला जागा नाही. दुसऱ्या बाजूला मोकळा उतार. भोंगा वाजला की सगळ्यांनी उताराकडे जायचं आणि हात वर करायचा. वळणावर निशाणवाला उभा असायचा, मुकादमाचा जुना सोबती. गाडी दिसली की तो भोंगा वाजवायचा आणि वर झालेले हात मोजायचा. पॅनलच्या तारा मात्र भिंतीच्या कडेने जात होत्या. तिथे काम करणाऱ्याला उताराकडे यायचं तर रूळ ओलांडावे लागायचे, आणि रुळांच्या मधे सूनबाई पसरलेल्या. त्यासाठी मधेमधे एकेका पॅनलची जागा रिकामी सोडलेली असायची. तिला सगळे 'वाट' म्हणायचे. कोणीही रूळ ओलांडायचा तो वाटेनेच. हाही मुकादमाचाच नियम.

त्या दुपारी ठिणगी भिंतीकडे जोडणी करत होती. भोंगा वाजला. उतारावर माणसं सरकली, हात वर झाले. गाडी सावकाश येत होती, कामाच्या जागी तिला हळूच यावं लागे. तरी हळू म्हणजे काही माणसाच्या चालीने नव्हे. ठिणगी उठली, हत्यार कमरेला अडकवलं, रुळापाशी आली. तिच्या पुढ्यात पॅनल होता. एक पाय काचेवर, दुसरा पलीकडच्या खडीत, संपलं काम. मुकादम बरोबर तिच्या समोर, उताराकडे उभा होता. त्याने पाहिलं, तिने पाय उचलला. बूट काचेवर आला. आणि तिने तो मागे घेतला.

मग ती धावली. वाटेकडे धावली. सगळ्यात जवळची वाट गाडीच्या दिशेला होती.

भिंत आणि रूळ यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून ती गाडीच्या तोंडाकडे धावत होती, आणि मुकादम जागच्या जागी उभा होता. निशाणवाला लाल निशाण फडकवत किंचाळत होता. ड्रायव्हरने शिट्टी दाबून धरली होती, चाकं रुळांवर करकरत होती. ठिणगी वाटेत शिरली, ओलांडली, उतारावर कोलमडली, आणि तिच्या मागून इंजिन वाट ओलांडून पुढे सरकलं आणि थांबलं. खडीवर पडल्या पडल्या तिने हात वर केला. निशाणवाल्याने तो मोजला.

ड्रायव्हर खाली उतरला. "गाडीकडे धावतं का कुणी? मरायचं होतं का तुला?" तो ओरडला, आणि मग त्याने पाणी मागितलं. मॅडम धावत आल्या. त्यांनी ठिणगीला खाली बसवलं, ढोपर पाहिलं, आणि विचारलं, "काय झालं नेमकं?"

"गोंधळले मी," ठिणगी म्हणाली. "घाबरून उलटीकडे धावले."

मॅडमनी मुकादमाकडे पाहिलं. तोंड उघडायची हीच वेळ होती. ती गोंधळली नाही, तिने पाय मागे घेतला, आणि का घेतला ते मला ठाऊक आहे, एवढंच बोलायचं होतं. "नवीन आहे अजून," एवढंच तो म्हणाला.

घरी ठिणगीने आईला सगळं हसत हसत सांगितलं. ड्रायव्हर कसा पाणी पीत होता, रेडिओची वाचा कशी बसली, आयुष्यात पहिल्यांदा. आई शिलाई मशीनवर शाळेच्या गणवेशाला काज करत होती. तिने सुई थांबवली, लेकीकडे नखशिखांत पाहिलं, आणि तिच्या ढोपराला औषध लावलं. मुकादम ताटावर बसला होता.

"तू पाय मागे का घेतलास?" त्याने विचारलं.

"कुठला पाय?"

"काचेवर ठेवत होतीस तो."

ठिणगीने खरंच आठवून पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली. "छे, बाबा. मी कुठे ठेवत होते? मी सरळ वाटेकडेच निघाले की."

तिने लपवलं असतं तर बरं झालं असतं. तिला ठाऊकच नव्हतं. समोर गाडी दिसत असताना पायाने तिला न विचारता मागे यायचं ठरवलं होतं. मुकादमाने टोळीचे पाय इतके पक्के केले होते, की ते आता डोक्याचं ऐकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळ्यांना गोळा केलं. "आजपासून नियम रद्द," तो म्हणाला. "भोंगा वाजला की काच बघायची नाही. समोर सूनबाई असो की सासूबाई, तुडवायची आणि पलीकडे यायचं."

टोळी एकमेकांकडे बघू लागली. रेडिओ म्हणाला, "मामा, परीक्षा घेताय काय आमची? आम्ही नाही फसणार." सगळे हसले.

"परीक्षा नाही रे. खरंच सांगतोय."

"हो, हो. आणि पाय पडला की वाका म्हणाल."

मुकादमाने निशाणवाल्याला सांगून खोटाच भोंगा वाजवायला लावला. भिंतीकडची माणसं उठली आणि शहाण्या मुलांसारखी रांगेने वाटेतून इकडे आली. ठिणगीही त्या रांगेत होती. मुकादम ओरडला. पुन्हा भोंगा. पुन्हा रांग. तिसऱ्या खेपेला रेडिओने मन घट्ट करून पाय टाकला, पलीकडे आला, आणि त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "सूनबाई, चुकलं." या खेपेला एकच हशा पिकला. मुकादमाला मात्र रडायला आलं.

मग त्याचं डोकं फिरलं. तो स्वतः रुळांच्या मधे शिरला आणि बुटांनिशी पॅनलवर चढला. धप्, धप्, असा पोकळ आवाज झाला. या पॅनलवरून त्या पॅनलवर तो टाचा आपटत चालत सुटला. "बघा! काही होत नाही! बघा!" तो ओरडत होता. महिनोन्महिने ज्या काचेला या माणसाने तळहाताच्या फोडासारखं जपलं, ती तो तुडवत होता, आणि कोणाला कुठे बघावं ते कळेना. चालता चालता तो थांबला आणि भिंतीकडे वळला. "ठिणगी, ये. तू चालून दाखव."

ठिणगी रुळापाशी आली. समोर बाप काचेवर उभा. मागे भिंत. पलीकडे सगळी टोळी तिच्याकडे बघत होती. तिने पाय उचलला नाही. तिचे कान लाल झाले.

"ये म्हणतो ना!"

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "सगळ्यांसमोर नको ना."

मुकादमाला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तेच कान, तीच टोळी, तोच तो. माफी मागायला लावली तेव्हाही सगळ्यांसमोर, आणि ती पुसायची तीही सगळ्यांसमोर. तो खाली उतरला. तोवर मॅडम येऊन पोचल्या होत्या. त्यांनी एका पॅनलला मीटर लावलं, दुसऱ्याला लावलं, आणि मीटर पिशवीत टाकलं.

"मुकादम, हे काय करून ठेवलंत?"

त्याने सगळं सांगितलं. नियम, माफी, मागे घेतलेला पाय. या वेळी काही गाळलं नाही. मॅडमनी चष्मा काढला. "मला वाटायचं, तुमची टोळी आपणहून काळजी घेते," त्या म्हणाल्या. "मी खूशही होते. एकदाही विचारलं नाही, कसं जमवलंत म्हणून." मग त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही काही दिवस घरी राहा. तोवर टोळीचं रेडिओ बघेल. मोडलेल्या पॅनलचं काय करायचं ते मी बघते."

"त्यातला एक मला द्या," मुकादम म्हणाला.

"कशाला?"

"घरी हवाय."

मॅडमना वाटलं असावं, माणसाचं मन थाऱ्यावर नाही. पण तारा कापून त्यांनी एक पॅनल देऊ केला. नाहीतरी तो आता भंगारातच जाणार होता.

मुकादमाने तो घरी आणला आणि स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या बोळात आडवा टाकला. बोळ अरुंद होता. पॅनल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बसला. इकडून तिकडे जायचं तर काचेवर पाय द्यायला हवा.

"अहो, हे काय घरात आणून टाकलंय?" बायकोने विचारलं.

"चालायला."

"चालायला फरशी होती की!"

"होती. आता ही आहे."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. संसार इतका जुना, की ती फार विचारत बसली नाही. हातात बादली घेऊन ती पॅनलवरून धपधप चालत गेली, परत आली, आणि म्हणाली, "पुसायला बरा आहे. पण पाहुण्यांना काय सांगू?" पाहुण्यांचं पुढे फार अवघड गेलं नाही. शेजारीण एकदा बिचकत बोळाच्या तोंडाशीच थांबली, मग वाटीभर साखर मागायला आलेली म्हणून निमूट काचेवरून आत आली. कापडाचे गठ्ठे आणणारा माणूस तर त्यावरच उभा राहून गप्पा मारू लागला. सगळं जग त्या काचेवरून ये-जा करू लागलं, ठिणगी सोडून.

ती काठाने जायची. पॅनलला धातूची बोटभर रुंद चौकट होती. त्या चौकटीवर चवडे टेकवत, एक हात भिंतीवर ठेवत, ती आत जायची आणि तशीच बाहेर यायची. हातात चहाचा कप असला तरी तसंच. घाईत असली तरी तसंच. मुकादम बाहेरच्या खोलीत बसून नुसता बघायचा. बोलायचं तेवढं तो आधीच बोलून चुकला होता. लेकीचा पाय चौकटीवरून घसरेल आणि एकदाचा काचेवर पडेल, अशी तो वाट बघायचा. बापाने लेकीचा पाय घसरायची वाट बघावी, अशी वेळ त्याच्यावर आली होती.

एका संध्याकाळी ती बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. "बाबा, उचला ना हे आता."

"राहू दे."

"माझ्यासाठीच ठेवलंय ना?"

"हो," मुकादम म्हणाला. बायकोची मशीन आत थांबली. "ठिणगे, त्या दिवशी तुझा पाय वर झाला होता. काचेवर आला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तो तू मागे घेतलास. समोर गाडी होती, आणि तुला माझी भीती जास्त वाटली."

"तुमची कसली भीती, बाबा? काहीतरीच तुमचं."

"तुला नाही ठाऊक. पायाला ठाऊक आहे."

ठिणगीने मान खाली घातली. "मी बघते," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. चौकटीवरून गेली.

रुळांपासून लांब राहायला सांगितलं होतं, तरी मुकादमाचा जीव घरी रमत नव्हता. गाडीच्या वेळेला तो पिशवी घेऊन बाहेर पडायचा, बाजारात जातो म्हणायचा, आणि टेकडीच्या तोंडाशी लाईनवर जो पादचारी पूल होता तिथे जाऊन उभा राहायचा. पिशवी रिकामीच परत यायची. बायकोने एकदाही विचारलं नाही, बाजारात काय मिळालं म्हणून. पुलावरून सगळं दिसायचं. एका बाजूला भिंत, मधे काळी चकचकीत पट्टी, उतारावर रेडिओचे हातवारे. भोंगा ऐकू यायचा, बोलणं मात्र नाही. दरवेळी ठिणगी नेमकी वाटेजवळ असायची आणि वाटेनेच यायची. मुकादमाचा जीव टांगणीला लागलेलाच राहायचा.

एके दिवशी काम पुलाच्या जवळ सरकलं होतं, आणि ती दोन वाटांच्या बरोबर मधे होती. डाव्या हाताची वाट लांब, उजव्या हाताची तेवढीच लांब. भोंगा वाजला. रेडिओने उतारावरून दोन्ही हात हलवले. ठिणगी उठली आणि रुळापाशी आली. वळणावर इंजिनाचं तोंड दिसलं. तिने पाय उचलला.

पाय तसाच राहिला.

मुकादमाने कठडा घट्ट धरला. गाडीच्या आवाजात ओरडून उपयोग नव्हता, आणि ओरडायचा त्याला हक्कही उरला नव्हता. "टाक गं," तो पुटपुटला. "टाक गं, बाळा." शेजारून जाणाऱ्या बाईने त्याच्याकडे वळून पाहिलं. ठिणगीने उजवीकडे वाटेकडे मान वळवली. मुकादमाने डोळे मिटायचं ठरवलं, ते मिटेनात.

मग पाय पडला. काचेच्या मधोमध. दुसरा पाय पलीकडच्या खडीत, आणि ती उतारावर पोचलीसुद्धा. तिने हात वर केला. गाडी आपल्या संथ चालीने पुढ्यातून निघून गेली. ड्रायव्हरला काही विशेष घडल्याचं कळलंही नसेल. उतारावर रेडिओने ठिणगीच्या पाठीवर थाप मारली, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मुकादमाचा जीव भांड्यात पडला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि ते त्याने रिकाम्या पिशवीने पुसलं. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. घरी जावं, बोळातला पॅनल उचलावा आणि आज खरोखरच बाजार करावा, असं त्याच्या मनात आलं.

तो वळणार, तेवढ्यात त्याला ठिणगी पुन्हा रुळांकडे जाताना दिसली. बाकीचे आपापल्या कामाला लागले होते, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ज्या पॅनलवर पाय टाकला होता त्याच्यापाशी ती गेली आणि वाकली. बुटाचा ठसा उमटला होता, तो तिने बाहीने पुसला. मग हात जोडल्यासारखे करून ती काहीतरी म्हणाली.

पुलावर आवाज पोचत नव्हता. तिचे ओठ मात्र दिसले. ते तीनदा हलले.